वहिवाटीचा दावा हेगच्या कोर्टात

मंडळी, पनवेलच्या तहसील कचेरीच्या आवारात एखादा दिवस बसून पाहा. जुनी माणसे अजून तिला मामलेदार कचेरीच म्हणतात. तिथे येणाऱ्या तंट्यांत एक तंटा हमखास सापडेल, तो म्हणजे रस्त्याचा. एकाचे शेत मध्ये, चौफेर दुसऱ्यांच्या जमिनी. पेरणीला बैलगाडी न्यायची, भाताचे भारे बाहेर काढायचे, तर शेजाऱ्याच्या बांधावरून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. मधला शेतकरी म्हणतो, "आजापासून आम्ही इथूनच जातो." बांधवाला म्हणतो, "जात होतात ते आमच्या भलेपणावर. हक्क कुठला आणलात?" मग मामलेदार साक्षी काढतात, पंचनामा करतात. त्या सगळ्या कागदांत शेवटी प्रश्न एकच उरतो : ही माणसे इतकी वर्षे इथून गेली ती हक्काने गेली, की परवानगीने?

हाच दावा, अगदी याच प्रश्नासकट, १९५५ साली नेदरलंड देशातल्या हेग शहरी, आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला आणि १९६० साली निकालात निघाला. वादी पोर्तुगाल, प्रतिवादी भारत. मधले शेत म्हणजे दादरा आणि नगर हवेली. बांध म्हणजे दमण आणि हवेली यांच्यामधली आपली वापीकडची पट्टी. आणि त्या दाव्यातला सर्वांत जुना महत्त्वाचा कागद होता पुण्याच्या पेशवे सरकारचा, १७७९ सालचा. आंतरराष्ट्रीय कायदा म्हटले की आपल्याला वाटते, ती दिल्ली-लंडनच्या बड्या लोकांची भानगड. पण या खटल्याचे जे शब्द, म्हणजे सनद, सरंजाम, वसूल, वहिवाट, ते तुमच्या चावडीवरचे आहेत. म्हणून आज त्याची हकीकत सांगायची आहे.

हा कागद १७७९ सालीच का झाला, हे कळायला आधी पनवेल बंदरावर यावे लागेल. १७७८च्या नोव्हेंबर अखेरीस मुंबईकर इंग्रजांची फौज पनवेलला उतरली. बरोबर रघुनाथराव होते. त्यांना पुण्याच्या गादीवर बसवायचे आणि त्यांच्या आडून आपण कारभार करायचा, हा इंग्रजांचा बेत. सुमारे चार हजार लढाऊ माणसे, तोफा, आणि सामान वाहणाऱ्या बैलांची ही लांबच लांब रांग. पनवेलवरून खोपोली, तिथून बोरघाट चढून खंडाळा. घाट चढला खरा, पण वर नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांच्या फौजांनी असे काही घेरले की पुढे जाववेना आणि मागे येववेना. कार्ल्याजवळ जानेवारी १७७९ मध्ये कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. त्याचे शौर्य पाहून आपल्याच लोकांनी त्याला 'इष्टुर फाकडा' असे नाव ठेवले होते. शत्रूच्या मर्दुमकीला असे लाडके नाव देणारी माणसे मला तरी मोठी वाटतात. असो. त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांना तह करून परतावे लागले.

पण इंग्रज तेवढ्याने गप्प बसणार नव्हते, आणि हे पुणे दरबाराला पक्के ठाऊक होते. लढाई पुढे १७८२ पर्यंत चाललीच. आता किनाऱ्यावर दुसरी टोपीवाली सत्ता होती पोर्तुगीजांची. तुमच्या शेजारचे उरण-करंजा बेट एके काळी त्यांच्या ताब्यात होते. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, वसईसह उत्तर कोकणातला त्यांचा बहुतेक मुलूख गेला. तरी गोवा, दमण, दीव हातात होते आणि समुद्रात गलबते होती. इंग्रज घाटावर येऊ पाहत असताना पोर्तुगीज त्यांना जाऊन मिळाले तर? शिवाय काही वर्षांपूर्वी मराठी आरमाराने त्यांचे एक जहाज पकडले होते, त्याच्या भरपाईचे बोलणे लोंबकळत पडलेले होतेच. या सगळ्यातून १७७९ साली पुण्याचा तह झाला. त्याच्या सतराव्या कलमात असे ठरले की दमणजवळची, वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावे पोर्तुगीजांना द्यावी. पुढे १७८३ आणि १७८५ अशा दोन सनदांनी ती गावे नेमून दिली गेली. पहिल्यांदा नगर हवेलीची, मग दादऱ्याची.

इथे गुरुजी मंडळींनी थोडे थांबून मुलांना एक गोष्ट समजावून द्यावी, कारण पुढचा सारा खटला तिच्यावर उभा आहे. 'गाव दिले' या दोन शब्दांचा अर्थ काय? आज आपण म्हणतो, जमीन दिली म्हणजे खरेदीखत झाले, सातबाऱ्यावर नाव चढले. पेशवाईत तसे नव्हते. सरदाराला सरंजाम दिला म्हणजे त्या गावांचा वसूल त्याने घ्यायचा, बदल्यात चाकरी करायची. राज्य मात्र राजाचेच राहायचे. सरकारची मर्जी फिरली तर सरंजाम जप्तही व्हायचा. दूध काढायची परवानगी असली म्हणून गाय काही आपली होत नाही, असे म्हणा ना! या उलट, एखादा मुलूख कायमचा, राज्यासकट तोडून द्यायचा असेल तर मराठ्यांच्या कारभाऱ्यांना त्याचे शब्दही चांगले माहीत होते, आणि ते ते वापरीत. कारकुनाच्या बोरूतून कोणता शब्द उतरला, याला किंमत होती. किती, ते पुढे कळेल.

१८१८ साली पेशवाई गेली आणि मुलूख इंग्रजांकडे आला. इंग्रजांनी पाहिले की त्या गावांत पोर्तुगीजांचा अंमल चालू आहे. सरंजामदार म्हणून आलेले पोर्तुगीज आता तिथे राजासारखे वागत होते. इंग्रजांनी जुनी सनद काढून विचारले नाही की बाबांनो, तुम्ही कोणत्या नात्याने बसलात? आम्ही मराठ्यांचे वारस, तेव्हा गावांचे राज्य आमचे, असेही ते म्हणाले नाहीत. त्यांनी चालते ते चालू दिले. असे गप्प बसणे कधी कधी सहीइतकेच बांधून घेते, हे शेतीवाडीच्या तंट्यांत तुम्ही पाहिलेच असेल.

आणि मग रस्त्याचा प्रश्न जन्माला आला. दमण समुद्रकाठी. तिथून आत, मधली इंग्रजी पट्टी ओलांडली की दादरा, म्हणजे तीन गावांचा एक लहानसा तुकडा. पुन्हा थोडी इंग्रजी जमीन, आणि मग दमणगंगेच्या खोऱ्यात नगर हवेली, मुख्य ठाणे सिल्वासा. दमणचा गव्हर्नर, त्याचे कारकून, पाद्री, व्यापारी, धान्याच्या गाड्या, लाकूडफाटा, हे सगळे त्या पट्टीतून ये-जा करीत. त्यांना सहसा कोणी अडवीत नसे. जकातीची तपासणी होई, सुरक्षिततेपुरते नियम असत, पण वाट मोकळी असे.

शिपायांची गोष्ट निराळी. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, त्यात ठरले की एकाच्या फौजेने दुसऱ्याच्या हद्दीत, ठरवून दिलेली कारणे सोडली तर, रीतसर विनंती केल्यावाचून शिरू नये. हत्यारे नेण्यावरही खास परवान्याची अट होती. सशस्त्र पोलिसांसाठी पुढे वेगळे करार झाले. १९४० सालचा करार तर वाचण्यासारखा आहे. दमणहून दादऱ्यावरून हवेलीकडे जाणारी पोलिसांची तुकडी दहा माणसांपर्यंतची असेल तर चोवीस तासांत इंग्रजांना वर्दी द्यावी. अकरावा माणूस असला की आधी संमती घेतलीच पाहिजे! दहा आणि अकरा यांच्यामध्ये एका साम्राज्याची अब्रू अडकलेली. पण हसू नका, याच बारीकसारीक कागदांनी पुढे हेगला काम केले.

भारत स्वतंत्र झाला तरी पोर्तुगीज जाईनात. १९५४च्या जुलैत २१-२२ तारखेच्या रात्री गोमंतकीय स्वयंसेवकांनी दादऱ्याचे पोलीस ठाणे घेतले. २८ जुलैला नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा मोकळे झाले. आझाद गोमंतक दल, युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पुण्या-मुंबईकडचे तरुण, अशा निरनिराळ्या गटांची माणसे त्यात होती. संगीतकार सुधीर फडके हेही त्यांतलेच एक. दुसऱ्याच वर्षी पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायण' सुरू झाले, तेव्हा ज्यांचा आवाज घराघरांत पोचला तेच हे बाबूजी. मुक्त झालेल्या गावांचा कारभार 'वरिष्ठ पंचायत' पाहू लागली. भारत सरकारने तो मुलूख लगेच आपल्यात सामील करून घेतला नाही.

दमणच्या पोर्तुगीजांना आता फौज न्यायची होती, निदान आपले प्रतिनिधी तरी पाठवायचे होते. भारताने वाट दिली नाही. झाले, पोर्तुगालने कोर्टाची पायरी चढायचे ठरवले.

पण कोर्टाची पायरी चढायला आधी त्या कोर्टाचा अधिकार मान्य करावा लागतो. आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे असे आहे की तिथे कोणालाही ओढून नेता येत नाही. दोन्ही राष्ट्रांनी अधिकार मानलेला असला पाहिजे. भारताने तो काही अटींवर मानलेला होता. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रांचे सभासदत्व मिळाले. १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचे लिहून दिले. आणि २२ डिसेंबरला भारतावर दावा दाखल! सभासद झाल्यापासून आठ दिवसांत. आपल्याकडचा पट्टीचा मुकदमेबाजसुद्धा एवढी घाई करीत नाही.

भारताने सहा हरकती घेतल्या. हा असा तीन दिवसांत टाकलेला दावा चालूच कसा शकतो, ही त्यांतली एक. नोव्हेंबर १९५७ मध्ये न्यायालयाने चार हरकती फेटाळल्या आणि दोन मूळ प्रकरणाबरोबर ऐकू म्हणून ठेवून दिल्या. शेवटी त्याही टिकल्या नाहीत. १९५९ साली तोंडी युक्तिवाद झाले. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. अशा दाव्यात प्रत्येक पक्षाला आपला एकेक न्यायाधीश खंडपीठावर बसविता येतो. भारताने मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांना बसविले. न्यायालयाचे उपाध्यक्ष त्या वेळी पाकिस्तानचे जफरुल्ला खान होते. म्हणजे १९४७ पूर्वी एकाच देशाचे असलेले दोघे आता दोन देशांचे न्यायाधीश म्हणून एकाच बाकावर बसून पेशव्यांच्या सनदेवर विचार करीत होते.

आता गंमत पाहा. पोर्तुगालचे म्हणणे : १७७९ चा तह खरा, त्याने गावांचे राज्यच आम्हाला मिळाले, आणि राज्य मिळाले म्हणजे तिथे जायची वाटही मिळाली. भारताचे म्हणणे : तो तह रीतसर पुरा झालेलाच नाही, तेव्हा तो बंधनकारक नाही. बरं, झाला असे धरले तरी त्याने मिळाला तो फक्त वसूल. म्हणजे मराठ्यांचा तह खरा म्हणून पोर्तुगाल भांडतो आहे आणि तो खोटा म्हणून स्वतंत्र भारत! वकिलीची गरज मला समजते. पण पुण्याच्या दरबाराचा शब्द कच्चा होता असे आपल्याच बाजूने मांडावे लागले, हे मनाला जरा लागतेच.

न्यायालयाने इथे फार शहाणपणाचा निवाडा दिला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा की अठराव्या शतकाच्या शेवटी हिंदुस्थानात जशी रीत होती तिच्याच मापाने तो तह मोजला पाहिजे. तह करण्याच्या ज्या पद्धती नंतर हळूहळू रूढ झाल्या, त्या मागे नेऊन त्याला लावता येणार नाहीत. दोन्ही बाजूंनी तो पाळला, मराठ्यांच्या नंतरच्या कागदांत त्याचा उल्लेख आला, सनदा त्याच्याच अंमलात निघाल्या, तेव्हा तह खरा. म्हणजे पुणे दरबार हा तह करू शकणारी सत्ता होती आणि तिने दिलेला शब्द हा राष्ट्राचा शब्द होता, याला हेगची मान्यता मिळाली.

पण मग न्यायालयाने शब्द तपासले. सतराव्या कलमाचे जे जे मसुदे पुढे आले ते पाहिले, सनदा पाहिल्या. मराठ्यांनी इतरत्र जेव्हा जेव्हा मुलूख राज्यासकट दिला, तेव्हा 'कायमचा', 'निरंतर राज्य म्हणून' अशा अर्थाचे स्पष्ट शब्द घातल्याचे दाखले त्याच्यापुढे होते. या दोन सनदांत तसे शब्द नव्हते. होता तो १२,००० रुपयांच्या वसुलाचा सरंजाम. म्हणून निष्कर्ष असा निघाला की पेशवाईत त्या गावांचे राज्य मराठ्यांकडेच होते, आणि वसुलासाठी पोर्तुगीज ये-जा करीत म्हणून त्यांना राजाच्या नात्याने वाटेचा हक्क आला असे म्हणता येत नाही. मघाशी म्हटले ना, कारकुनाच्या बोरूतून कोणता शब्द उतरतो याला किंमत असते. ती इथे एकशे ऐंशी वर्षांनी वसूल झाली.

तरीही दावा संपला नाही, कारण सनद सरली तरी वहिवाट उरते. १८१८ नंतर इंग्रजांनी गप्प राहून पोर्तुगीजांचे राज्य मानले, आणि तिथून पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ती वाट चालू राहिली. आता या वाटेला काय म्हणायचे?

आपल्या इकडे १८८२चा इझमेंटचा कायदा आहे. वीस वर्षे उघडपणे, बिनतक्रार, हक्क म्हणून एखादी वाट वापरली तर तो हक्क पक्का होतो. पण दरवेळी विचारून, परवानगी घेऊन वापरली असेल, तर वीस काय आणि शंभर काय, ती परवानगीच राहते. हेगच्या न्यायालयाने हा कायदा लावला नाही, तो राष्ट्रांना लागूही नाही. पण विचाराची चाल थेट हीच. त्याने वाटसरूंचे दोन ढीग केले. एका ढिगात खासगी माणसे, मुलकी अंमलदार आणि सर्वसाधारण माल. यांची ये-जा इंग्रजी अमदानीत आणि पुढे भारताच्या वेळीही अखंड चालली आणि दोन्ही बाजूंनी ती तशीच चालायची असे मानले होते. म्हणून तो हक्क. दुसऱ्या ढिगात फौज, सशस्त्र पोलीस, हत्यारे आणि दारूगोळा. यांच्यासाठी दरवेळी परवानगी लागत होती. १८७८चा तह, तो दहा माणसांचा करार, हे सारे त्याचे पुरावे. म्हणून तिथे हक्क नाही.

निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी. पंधरा न्यायाधीश होते. खासगी माणसे, मुलकी अंमलदार आणि माल यांच्यापुरता १९५४ साली पोर्तुगालला वाटेचा हक्क होता, असे अकरांनी म्हटले, चौघे विरुद्ध. फौज आणि हत्यारे नेण्याचा हक्क नव्हता, असे आठांनी म्हटले, सात विरुद्ध. किती थोडक्यात! आणि भारताने १९५४ साली वाट रोखली त्यात आपले कर्तव्य मोडले काय? नाही, असे नऊ जण म्हणाले, सहा विरुद्ध. कारण वाटेचा जो हक्क होता तोसुद्धा भारताच्या नियंत्रणाखालचा. दादऱ्याच्या घटनेने आजूबाजूच्या मुलखात तंग वातावरण झालेले असताना काही काळ वाट बंद ठेवणे हे त्या नियंत्रणात बसते. बैलपोळ्याच्या दिवशी तंटा पेटला तर पोलीस पाटील चार दिवस पाणंद बंद ठेवतो, तेव्हा तुमचा हक्क काही बुडत नाही. तसेच हे.

एक गोष्ट मात्र या सगळ्या कागदांत मी शोधतो आणि मला सापडत नाही. त्या पाऊणशे गावांत राहत कोण होते? वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, काथोडी. आपल्या ठाणे-पालघरच्या डोंगरातले जे लोक, तेच तिकडचे. १७७९ साली पुण्यात बोलणे झाले ते त्यांच्या वसुलाबद्दल. १९६० साली हेगला निकाल झाला तो त्यांच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल. त्यांना कोणाचे राज्य हवे, हा प्रश्न त्या दाव्यात नव्हताच. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे, कारण कोर्ट दाव्यापलीकडचे बोलत नाही. पण इतिहास शिकविणाऱ्याने तरी त्यांना वर्गात आणावे.

आता तुम्ही विचाराल, असा निकाल लागला की पुढे त्याचे होते काय? फाईल बांधून कपाटात? तसे नाही. आंतरराष्ट्रीय कायद्याची विद्वत्तापत्रे असतात, त्यांच्यातून तो जगभर फिरतो, वाचला जातो, फाडला जातो, शिवला जातो. अमेरिकेत १९०७ पासून असे एक त्रैमासिक निघते. १९११ साली हेगच्याच लवादाने सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीबद्दल फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात निवाडा दिला, तो त्याच वर्षी त्या त्रैमासिकात छापला गेला. आपल्या या दाव्याचा निकालही १९६० साली त्यात आला. आपल्याकडे मद्रास विद्यापीठात चार्ल्स अलेक्झांड्रोविच नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे वार्षिक सुरू केले. दिल्लीत १९५९ साली इंडियन सोसायटी ऑफ इंटरनॅशनल लॉ ही संस्था निघाली आणि १९६० पासून, म्हणजे नेमक्या निकालाच्या वर्षी, तिचे नियतकालिक निघू लागले.

अशा पत्रात लेख छापून येण्याची आजची रीत शिक्षकांना आवडण्यासारखी आहे. आलेला लेख संपादक त्याच विषयातल्या दोघा-तिघा जाणकारांकडे पाठवितात. पुष्कळ ठिकाणी लेखकाचे नाव झाकलेले असते, जसे बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, नंबर असतो. लेखकालाही तपासणारा कोण ते कळत नाही. जाणकार खुणा करतात : हा दाखला कच्चा आहे, हे विधान कागदावर टिकत नाही, अमुक निकाल तुम्ही वाचलेला दिसत नाही. लेखक दुरुस्त करतो, पुन्हा पाठवितो. कधी लेख साभार परत. वेळ फार जातो, आणि तपासणारेही माणसेच असतात, त्यांचेही राग-लोभ असतात. तरी न तपासलेल्या विधानापेक्षा हे बरे.

अशा पत्रांतून आणि कायद्याच्या पुस्तकांतून आपल्या दाव्याची दोन सूत्रे जगभर गेली. पहिले असे की 'रूढी' व्हायला पुष्कळ राष्ट्रांची गरज नाही. दोनच राष्ट्रांनी दीर्घकाळ एक रीत पाळली आणि आपले संबंध तिच्यावर चालविले, तर तीही त्या दोघांपुरती कायदा होऊ शकते. पूर्वी याविषयी शंका घेतली जाई. आज एखाद्या परक्या देशातला कायद्याचा विद्यार्थी स्थानिक रूढीवर उत्तर लिहितो, तेव्हा त्याला दमण-सिल्वासा रस्त्याचा दाखला द्यावा लागतो. दुसरे सूत्र अलेक्झांड्रोविच यांच्या जिव्हाळ्याचे. युरोपियन लोक येण्यापूर्वी आणि आल्यानंतरही आशियातली राज्ये बरोबरीच्या नात्याने तह करीत होती, ती काही कायद्याबाहेरची रानटी माणसे नव्हती, असे ते हयातभर सांगत होते. १९६७ साली त्यांनी यावर ग्रंथच लिहिला. पुण्याचा तह खरा ठरला, हे त्यांच्या बाजूचे.

हेगच्या निकालानंतर सव्वा वर्षाने, १९६१च्या ऑगस्टमध्ये, दादरा आणि नगर हवेली भारतात रीतसर सामील झाली. करारावर त्या बाजूने कोणीतरी राज्यप्रमुख म्हणून सही करणे जरूर होते. म्हणून बदलानी नावाच्या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरते तिथले पंतप्रधान करण्यात आले, आणि त्यांनी पंडित नेहरूंबरोबर सही केली. ११ ऑगस्ट १९६१ पासून, राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीने, तो केंद्रशासित प्रदेश झाला. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा, दमण, दीव मुक्त झाले. पोर्तुगालने हे सारे कागदोपत्री मान्य केले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४च्या अखेरीस.

२६ जानेवारी २०२० पासून दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव हे दोन्ही मिळून एकच केंद्रशासित प्रदेश झाला आहे. म्हणजे ज्या रस्त्यासाठी एवढे रण माजले त्याची दोन्ही टोके पुन्हा एका कारभाराखाली आली, आणि मधली वापीची पट्टी गुजरातेत आहे. दमणहून सिल्वासाला जाणारी गाडी आजही तिथूनच जाते. माणसांना कोणी परवाना विचारीत नाही. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे सामानात बाटली निघाली तर मात्र पोलीस गाडी बाजूला घेतात.